पथ्याच्या ताटात नवा घास

मारुंजीच्या भातखाचरांवर गेल्या काही वर्षांत टाउनशिप उभ्या राहिल्या. हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या या गावात आता विदर्भ-मराठवाड्यापासून थेट परराज्यांतून आलेली कुटुंबं राहतात. नातवंडं सांभाळायला आजी-आजोबा आळीपाळीने येऊन राहतात. अशा एखाद्या घरात स्वमग्न मूल असेल, तर जेवणाच्या वेळची ओढाताण दहाव्या मजल्यावर असो की जुन्या गावठाणात, फारशी वेगळी नसते. मूल मोजकेच पदार्थ खातं: एकाच कंपनीचं बिस्कीट, साधा मऊ भात, ठरावीक पाकिटातले वेफर्स, दूध. त्यातच कुणीतरी सांगतं, गहू आणि दूध बंद करून बघा, मूल बोलायला लागेल. मग चारातले दोन पदार्थ एका दिवसात बाद होतात आणि आईपुढे प्रश्न उरतो, आता याला खायला घालायचं काय?

प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात. एक, मुलाने स्वतः आखलेल्या मर्यादा. रंग, वास, पोत, तापमान, पाकीट, वाटी यांतलं काहीही बदललं की नकार. दुसरी, मोठ्यांनी लावलेलं पथ्य. पहिली मुलाच्या शरीरातून येते आणि ती त्याच्या कलाने, सावकाश सैल करावी लागते. दुसरी मोठ्यांच्या हातात असते. नवा पदार्थ पुढे ठेवण्याआधी या दुसरीची नीट चौकशी करायला हवी, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते.

खाण्यातला हा हट्ट आईच्या लाडाने आलेला नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवं. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली बाल्टिमोरमधून ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ऑटिझमची, म्हणजेच स्वमग्नतेची, वैद्यकीय ओळख झाली. त्या पहिल्याच लेखात, यांतल्या अनेक मुलांना अगदी तान्हेपणापासून खाण्याच्या अडचणी होत्या, अशी नोंद आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वमग्न मुलांनी पुढे केलेल्या पदार्थांपैकी सुमारे ४२ टक्के नाकारले. इतर मुलांत हे प्रमाण १९ टक्के होतं. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, खाण्याच्या वेगळ्या सवयी ७० टक्के स्वमग्न मुलांत दिसल्या, तर इतरांत जेमतेम ५ टक्क्यांत. भारतात गोव्यासह पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी साधारण शंभरात एक मूल स्वमग्न आढळलं. म्हणजे मोठ्या टाउनशिपच्या प्रत्येक टप्प्यात हा प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या घरी असणार.

यातला मोठा भाग इंद्रियांचा आहे. आपल्याला भेंडी बुळबुळीत लागते, इतकंच. काही स्वमग्न मुलांना तोच स्पर्श जिभेवर असह्य होतो आणि उमासा येतो. मराठी स्वयंपाक या दृष्टीने अवघडच. फोडणीचा ठसका घरभर जातो. आमटीत मोहरी दाताखाली येते, कढीपत्ता जिभेला चिकटतो, टोमॅटोचं साल सुटून वर तरंगतं. एका घासात मऊ, करकरीत, आंबट आणि तिखट असं चार प्रकारचं काहीतरी असतं. शिवाय घरचं जेवण रोज थोडं निराळं होतं. तांदूळ नवा असला की भात चिकट होतो, आजी आली की वरण दाट होतं. कारखान्यातलं बिस्कीट मात्र आजही तेच, उद्याही तेच, चौथ्या चाव्यालाही पहिल्यासारखंच. मूल बिस्किटाकडे ओढलं जातं ते गोडापायीच असं नाही. पुढच्या घासात काय येणार हे त्याला तिथे ठाऊक असतं. हे कळलं की निम्मा राग निवळतो, आणि पुढचा उपायही त्यातूनच सुचतो.

आता पथ्याकडे. गव्हातलं ग्लूटेन आणि दुधातलं केसीन वर्ज्य करण्याच्या कल्पनेचं मूळ १९७९ सालच्या एका तर्कात आहे. याक पँकसेप या संशोधकाने, स्वमग्नतेचा मेंदूतल्या अफूसदृश रसायनांशी संबंध असावा, असं सुचवलं. पुढे नॉर्वेत कार्ल रायशेल्ट यांनी असा सिद्धांत मांडला, की गहू-दूध अर्धवट पचून तशीच पेप्टाइड्स तयार होतात, आतड्यातून रक्तात जातात आणि मेंदूवर परिणाम करतात. ऐकायला हे पटतं. पण २००८ साली ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलग्यांची लघवी अधिक अचूक तंत्राने तपासली, तेव्हा ती पेप्टाइड्स सापडलीच नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत सुझन हायमन आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या १४ मुलांना काटेकोर पथ्यावर ठेवलं आणि मधूनमधून खाऊतून गहू किंवा दूध दिलं. कोणत्या खाऊत काय आहे हे ना पालकांना माहीत होतं, ना पाहणाऱ्यांना. वागणं, झोप, पोट, कशातही फरक दिसला नाही. १४ मुलं ही संख्या लहान आहे आणि तेवढ्यावर शेवटचा निकाल देता येत नाही. तरीही ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्येच, स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असं पथ्य वापरू नये, असं मार्गदर्शक सूचनांत लिहून टाकलं होतं.

मग फरक पडल्याचं इतके पालक सांगतात, ते खोटं का? नाही. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी या तक्रारी इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतात. भारतात दुधातली साखर न पचणारेही पुष्कळ. अशा मुलाचं दूध बंद केलं की पोट शांत होतं, झोप लागते, चिडचिड कमी होते. ज्या मुलाला पोट दुखतंय हे सांगता येत नाही, त्याच्या घरात हा बदल फार मोठा असतो. आईने पाहिलेलं खरंच आहे. पण तो पोटाच्या त्रासावरचा उतारा आहे आणि त्याला केसीनबंदी लागत नाही. अनेकदा दूध कमी करून दही-ताकावर येणंही पुरतं. म्हणून बंदीआधी बालरोगतज्ज्ञाकडून पोटाची तपासणी व्हायला हवी.

त्यातही एक गोष्ट क्रमाने करायची असते. सिलिअॅक हा गव्हाचा खरा आजार आहे. त्याची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते, आधी गहू सोडला तर ती फसवी येऊ शकते. दुधाची खरी अॅलर्जी असेल तर पथ्य अटळ आहे, त्याबद्दल वादच नाही. परंतु शेकडो पदार्थांची ‘असहिष्णुता’ एका रक्तनमुन्यावरून सांगणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर विसंबू नये, असं अमेरिका आणि युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना बजावून सांगतात. अशा अहवालातली लांबलचक यादी आधीच पाच पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या हाती आणखी कमी ठेवते, आणि हे नुकसान मोजता येतं. २००८ साली चार ते आठ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांच्या हाताच्या हाडांची जाडी मोजली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि दूध पूर्ण बंद असलेल्या थोड्या मुलांत ही तूट जवळपास दुप्पट होती.

तरीही पथ्य चालू ठेवायचं ठरलं, तर मराठी घराला एक मोठी सोय आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा यांत ग्लूटेन नाही. भाकरी, घावन, आंबोळी, पोहे, उकडीचे मोदक हे सगळं आयातीची महाग पिठं न आणता होतं. घोळ होतो तो लपलेल्या गव्हाचा. बाजारातल्या हिंगाच्या डबीत शुद्ध हिंग थोडा आणि पीठ जास्त असतं, अनेकदा गव्हाचं. म्हणजे साध्या वरणातही गहू येतो. मेतकुटात गहू असतो, सातूच्या पिठात असतो, थालीपिठाच्या भाजणीत बहुधा असतोच. ‘नाचणी बिस्कीट’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत मैदा सापडतो. बिस्किटात आणि पावात दुधाची पावडर असते, तुपातही केसीनचा अंश राहू शकतो. मेतकूट-भातावर वाढलेल्या नातवाचं मेतकूट बंद करायचं तर आजीला त्याचं कारण समजावून सांगावं लागतं, नुसत्या मनाईने ते होत नाही.

दूध गेलं की कॅल्शियमचा हिशेब मांडावाच लागतो. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलीग्राम कॅल्शियम लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशी सांगतात. शंभर ग्राम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं. पण मुलाची एक छोटी भाकरी चाळीस ग्राम पिठाची धरली तर हाती लागतं १४० मिलीग्राम, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. तीळ फार श्रीमंत, पण खाऊन खाऊन मूल किती खाणार? सुकट-जवळा चालणाऱ्या घरात आणखी एक वाट आहे. बदामाचं घरी काढलेलं दूध पांढरं दिसतं म्हणून ते दुधाची जागा घेत नाही, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही थोडंच. दूध आणि डाळ दोन्ही नाकारणाऱ्या मुलाला पूरक औषध देण्याचा निर्णय डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी मिळून घ्यावा.

एवढं झालं की नव्या पदार्थाची वेळ येते. सर्वांत मोठा नियम असा, की मूल जे खातंय ते जपायचं. नवं शिकवण्यासाठी जुनं ओलीस धरायचं नाही. ‘भाजी खाल्लीस तरच बिस्कीट’ ही अट इतर मुलांवर कदाचित चालते. इथे भाजी येत नाहीच, वर बिस्किटावरचा विश्वासही जाऊ शकतो. लपवाछपवीचंही तसंच. भातात पालक वाटून घातला आणि मुलाला कळला, तर मूल उद्यापासून भातच सोडतं. यादीतला एक पदार्थ वाढण्याऐवजी एक कमी होतो, आणि गेलेला पदार्थ परत येईलच असं नाही.

परदेशात वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी दोन मराठी घरात सहज बसतात. एक, के टूमी यांची पायऱ्यांची पद्धत. तिच्यात खाणं ही शेवटची पायरी आहे. आधी पदार्थ टेबलावर असलेला सहन होणं, मग ताटाजवळ, मग चमच्याने हात लावणं, बोटाने हात लावणं, वास घेणं, ओठांना टेकवणं, चाटणं, चावून थुंकणं आणि सगळ्यांत शेवटी गिळणं. मूल गाजराचा तुकडा उचलून आजोबांच्या ताटात ठेवतं, तेव्हा त्याने काहीच खाल्लेलं नसतं आणि तरी ते दोन पायऱ्या चढलेलं असतं. दुसरी पद्धत साखळीची, शेरी फ्रेकर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली: खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाला अगदी जवळचा पदार्थ जोडायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

साखळी आपल्याकडे कशी दिसेल? ठरावीक कंपनीच्या बटाटा वेफर्सवरून दुसऱ्या कंपनीच्या, मग घरी तळलेल्या पातळ कापांवर, मग तसेच रताळ्याचे काप, पुढे तेच भाजलेले आणि जरा जाड. पांढरं जाळीदार घावन खाणाऱ्या मुलाच्या पिठात चमचाभर मुगाचं पीठ, आणि तेही त्याच्या देखत घातलेलं; रंग किंचित पिवळा झाला तरी चालला, तर आठवड्याने आणखी एक चमचा. तुरीच्या पिवळ्या वरणावरून मुगाच्या वरणावर जाताना रंग आणि दाटपणा तोच ठेवता येतो, उसळीवर थेट उडी मारली तर दोन्ही गोष्टी बदलतात. कुरकुरीत आवडणाऱ्या मुलांसाठी सोलापूरची कडक भाकरी हा खास पर्याय: गहू नाही, दूध नाही, आणि पुड्यातली प्रत्येक भाकरी जवळपास सारखी. ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे, राजगिऱ्याची चिक्की हेही याच कुळातले. नाचणी पौष्टिक आहे म्हणून पांढऱ्या पेजेवरून एकदम नाचणीच्या आंबिलावर जाणं मात्र टाळावं. तो काळपट तपकिरी रंगच मुलाला परका वाटतो.

मराठी ताटाची रीत यात फार उपयोगी आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भात. प्रत्येकाला जागा, आणि एकाने दुसऱ्यात मिसळायचं नाही. पदार्थ एकमेकांना लागले की जेवण सोडणाऱ्या मुलाला ही शिस्त आपोआप मानवते. मेसमध्ये असतं तसं कप्प्यांचं स्टीलचं ताट आणखी बरं. नवा पदार्थ सुरुवातीला ताटात नकोच, शेजारी छोट्या वाटीत, वाटाण्याएवढा. रोज तीच वाटी, तीच जागा. खा म्हणायचं नाही, खाल्लं तर टाळ्याही वाजवायच्या नाहीत, कारण काही मुलांना तो गलकाच नको असतो.

इथेच घरातल्या संस्काराशी गाठ पडते. पानात टाकायचं नाही, अन्नाशी खेळायचं नाही, तोंडातला घास बाहेर काढायचा नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं आहे आणि त्यामागे अन्नाविषयीचा खरा आदर आहे. पण या मुलाला पदार्थ चिवडून बघण्याची आणि न आवडला तर कागदी रुमालात थुंकण्याची मुभा मिळाली नाही, तर तोंडात घालण्याचं धाडसच ते करणार नाही. वाटाण्याएवढा तुकडा वाया गेला तर अन्नाचा अपमान होत नाही, हे आजीला पटवणं हा उपचाराचा भाग आहे. आणि आजीला एकदा पटलं की तिच्याइतका सबुरीने बसणारा माणूस घरात दुसरा नसतो. काऊ-चिऊचे घास भरवत पदार्थ वीस वेळा समोर धरायची सवय तिलाच असते.

काऊ-चिऊची जागा आता मोबाइलने घेतली आहे. कार्टून बघताना उघडलेल्या तोंडात घास जातो, पोट भरतं आणि थकलेल्या आईला दोष देण्याचं कारण नाही. मात्र पडद्याकडे बघणारं मूल घासाकडे बघत नाही, त्यामुळे नव्या पदार्थाची ओळख होत नाही. मोबाइल एकदम काढून घेतला तर जेवणच बंद पडायचं. त्यापेक्षा दिवसातलं एक लहान खाणं, समजा दुपारी चारचं, मोबाइलविना ठेवावं आणि नवी वाटी तेव्हाच पुढे करावी. त्याआधी दोन-अडीच तास दूध-बिस्किटांचा मारा नको. पोट रिकामं असेल तरच कुतूहल जागं होतं. सर्दी-खोकल्यात, परीक्षेच्या दिवसांत, घरी पाहुणे असताना नवं काही काढू नये.

याने किती फरक पडतो? अटलांटाच्या मार्कस ऑटिझम सेंटरमधल्या विल्यम शार्प आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ३८ मुलांवर केलेल्या चाचणीत, पालकांना गटाने खाण्याविषयीचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलांत लक्षणीय सुधारणा झाली; नुसती ऑटिझमची माहिती दिलेल्या गटात ती अगदी थोड्यांत झाली. म्हणजे घरी, आईवडिलांच्या हातून हे होऊ शकतं. पण निम्म्यांत होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. वर्षात पाच नवे पदार्थ आले तर ते मोठं यश. सगळं खाणारं मूल घडवणं हे ध्येयच नसावं. प्रत्येक गटातले दोन-तीन पदार्थ, पुरेशी प्रथिनं, लोह आणि क जीवनसत्त्व, एवढ्यावर माणूस नीट जगतो. मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक लहानपणी तोंडात कोंबलेल्या घासांविषयी लिहितात, ते वाचल्यावर जबरदस्तीचं समर्थन करणं कठीण आहे.

घरच्या सबुरीलाही मर्यादा आहेत. वजन उतरणं, खाताना ठसका लागणं किंवा गुदमरणं, एखादा अख्खा गटच बंद होणं, माती-रंग-खडू खाणं, अशा वेळी थांबून चालत नाही. फळं-भाज्या पूर्ण सोडलेल्या स्वमग्न मुलांना स्कर्व्ही झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा येतात. मूल लंगडायला लागतं, चालायचं नाकारतं, हिरड्यांतून रक्त येतं. हाडांच्या आणि सांध्यांच्या महागड्या तपासण्या होतात आणि शेवटी कारण निघतं क जीवनसत्त्वाचा अभाव. मूल काय-काय खातं हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला असता तर ते सगळं वाचलं असतं. म्हणून पालकांनी आठवडाभराच्या खाण्याची साधी वही डॉक्टरांपुढे स्वतःहून ठेवावी. मारुंजीच्या आवाक्यात पुण्यात केईएम रुग्णालयाचं टीडीएच-मॉरिस बालविकास केंद्र आहे. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली सुरू केलेली उमीद ही संस्था विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत काम करते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात धरला जातो.

राहिला शाळेचा डबा. ‘फक्त पोळी-भाजी आणा’ हा बालवाड्यांचा नियम चांगल्या हेतूने केलेला असतो, पण त्यामुळे गहू न चालणारं, भाजी न खाणारं मूल सकाळभर उपाशी राहतं आणि थकून बारा वाजता जमिनीवर लोळण घेतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी देण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. डब्यात चुरमुरे आणि तांदळाचं घावन चालू द्यावं, ही तशीच एक सोय. पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेला लेखी द्यावं: मूल काय खातं, कशाची अॅलर्जी आहे आणि कशाची नाही, वाढदिवसाच्या केकच्या वेळी त्याला काय द्यायचं, आणि कुणीही घास भरवायचा आग्रह करू नये. डबा उघडून देणाऱ्या मावशींनाही तेच सांगून ठेवावं, कारण अर्धवट खाल्लेला डबा बघून ‘एक घास खा रे बाळा’ म्हणत प्रेमाने पुढे येणाऱ्या पहिल्या त्याच असतात.